सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब

सर: चहा नंतर. आधी हे अक्षर तुझं आहे का, तेवढं सांग.

नाझिया: सर, अठरा वर्षांनी तुम्ही पत्ता विचारत विचारत महाप्याला माझ्या लॅबमध्ये येता, आणि आल्या आल्या तोंडी परीक्षा? बसा तरी. ते स्टूल नको, डुगडुगतं. या खुर्चीवर बसा.

सर: अक्षर, नाझिया.

नाझिया: माझंच आहे. सातच्या पोटात रेघ मीच मारायचे. तुम्ही वर्गात म्हणायचात, सात काढलाय की त्याला दोरीनं बांधलाय? हे कुठं सापडलं तुम्हाला?

सर: घर आवरतोय. आमची वाशीची बिल्डिंग पाडून नवी बांधणार आहेत, महिन्याभरात बाहेर पडायचंय. माळ्यावरून एक फाइल निघाली. 'प्रॅक्टिकल चौकशी, २००७'. तुझ्या बारावीच्या प्रॅक्टिकलचं रफ पान आहे हे. पुढच्या बाजूला सॉल्ट ॲनालिसिसचा तक्ता. तो मी तेव्हा बघितला होता. मागच्या बाजूला तू पेन्सिलनं गणित केलंयस. ते मी परवा बघितलं.

नाझिया: परवा?

सर: परवा. अठरा वर्षं हे पान माझ्या डोक्यावर, माळ्यावर पडून होतं. नुसतं उलटायचं होतं गं. तेवढंही केलं नाही.

नाझिया: जाऊ द्या सर. आता काय त्याचं.

सर: जाऊ दे कसं? तू मला हे गणित समजावून सांग.

नाझिया: मी? तुम्हाला? सॉल्युबिलिटी प्रॉडक्ट मला तुम्हीच शिकवलंत.

सर: मला कळलंय ते. पण कुठं माझी समजूत चुकत असेल तर आत्ताच कळू दे. हे बरोबर असेल तर मला इथून आणखी एका ठिकाणी जायचंय. तिथं चुकून चालणार नाही.

नाझिया: बरं. माझ्या बाटलीत पांढरं सॉल्ट होतं. कुठलं, ते ओळखायचं. मी ते पाण्यात विरघळवलं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. पांढरं झालं. पुस्तकाप्रमाणे, पांढरं झालं की क्लोराईड. ज्यांना तेच सॉल्ट होतं त्या बाकीच्या मुलींनी क्लोराईड लिहिलं आणि पुढं सरकल्या. मीपण लिहिणारच होते. पण ते पांढरं मला पटेना.

सर: पटेना म्हणजे?

नाझिया: फार पातळ होतं. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं. अर्धा ग्रॅम सॉल्ट, दहा मिली पाणी. त्यात खरंच क्लोराईड असतं तर दह्यासारखा गठ्ठा खाली बसला असता. मी आणखी चार थेंब टाकले, तरी ते वाढेना. मग पान उलटलं आणि हिशेब मांडला. हे बघा. सिल्व्हर क्लोराईडचा सॉल्युबिलिटी प्रॉडक्ट, म्हणजे ज्याच्या वर साका पडतोच तो आकडा, एक पॉइंट आठ गुणिले दहाचा वजा दहावा घात. आकडा इतका बारीक, की...

सर: की क्लोराईड असून नसल्यासारखं असलं, तरी टेस्ट पांढरी येऊ शकते.

नाझिया: हो. गणिताप्रमाणे बादलीभर पाण्यात मिठाचा एक कण पडला तरी पुरे. म्हणजे पांढरं झालं एवढ्यावर भागत नाही, किती झालं ते बघावं लागतं. सॉल्टमधून जेवढं यायला हवं होतं, त्याच्या हजाराव्या हिश्श्याएवढंच मला दिसत होतं. अंदाजे हां, सर.

सर: आणि मग तू नायट्रेट लिहिलंस. ब्राऊन रिंगची टेस्ट न करता.

नाझिया: वेळच संपला. गणितातच पंधरा मिनिटं गेली. कार्बोनेट नाही, सल्फेट नाही, व्हिनेगरचा वास नाही, क्लोराईड नाही. उरलं काय? नायट्रेट. लिहून टाकलं.

सर: ते बरोबर होतं. झिंक नायट्रेट. पाच जणींना तेच सॉल्ट होतं, चौघी चुकल्या. आणि तुझ्या तक्त्यात काय? ऑब्झर्व्हेशन 'पांढरा साका', रिंग टेस्टची जागा कोरी, आणि उत्तर मात्र अचूक. मी म्हटलं, हिला कोणीतरी सांगितलं. आणि कुठल्या बाटलीत काय आहे, हे माझ्याखेरीज एकालाच माहीत होतं. जो बाटल्या भरायचा त्याला.

नाझिया: किसनमामांना.

सर: किसनला.

नाझिया: तेव्हा सगळीकडं बोललंच जायचं ना, लॅबच्या मामाला पकडा, मामा सॉल्ट सांगतो. म्हणून तुम्हाला पटकन खरं वाटलं.

सर: किसन तसला नाही हे अकरा वर्षं डोळ्यांनी बघत होतो. तरी खरं वाटलं.

नाझिया: मी तुम्हाला सांगितलं होतं. 'सर, मी कॅल्क्युलेट केलं.' दोनदा सांगितलं.

सर: आणि मी म्हणालो...

नाझिया: 'क्वालिटेटिव्हमध्ये कसलं गणित? इथं रंग बघायचा, आकडे नाहीत.' शब्द न् शब्द लक्षात आहे माझ्या.

सर: मी तसंच शिकवायचो. एका पुस्तकात सॉल्युबिलिटी प्रॉडक्ट, दुसऱ्या पुस्तकात सॉल्ट ॲनालिसिस. मधे कोणी पूल बांधला तर मला तो चोरून आल्यासारखा वाटला.

नाझिया: मग तुम्ही माझ्यापुढं कोरा कागद ठेवलात.

सर: तोही फाइलमध्ये आहे.

नाझिया: नका काढू सर. प्लीज. मला पाठ आहे. 'मला लॅबच्या किसनमामांनी सॉल्ट सांगितले.' तुम्ही बोललात, मी लिहिलं, खाली सही केली. नाहीतर बोर्डाला कळवतो, तीन वर्षं परीक्षेला बसता येणार नाही, म्हणालात. अब्बू उरणला बर्फाच्या कारखान्यात होते. घरात बारावीपर्यंत पोचलेली मी पहिली. घाबरले.

सर: सतरा वर्षांची होतीस. तुझा काय दोष त्यात.

नाझिया: असं नका म्हणू. तुमचा दोष मोठा आहे म्हणून माझा माफ होत नाही, सर. नऊ-दहा वर्षांपूर्वी इथंच, महाप्याला, एका कंपनीच्या गेटवर मामा उभे दिसले. वॉचमनचा ड्रेस, हातात एन्ट्रीची वही. मला आत पाण्याचे नमुने घ्यायला जायचं होतं. मी स्कूटर वळवली. पुढचं काम दुसऱ्याकडून करून घेतलं. वहीत माझं नाव लिहायला ते समोर आले असते, ते मला झेपलं नसतं.

सर: हा कोपरा बघ. गणिताच्या खाली. काय लिहिलंयस?

नाझिया: 'पाणी'. आणि पुढं दोन प्रश्नचिन्हं.

सर: म्हणजे तुला तेव्हाच शंका आली होती.

नाझिया: सॉल्टमधलं नाही, तर क्लोराईड आलं कुठून? पाण्यातून. नळाच्या पाण्यात असतंच तेवढं. पण बोर्डाची परीक्षा, कॅनवर हे मोठ्ठं 'डिस्टिल्ड वॉटर' लिहिलेलं. म्हटलं, आपलंच काहीतरी चुकत असेल. नुसतं पाणी घेऊन त्यात दोन थेंब टाकायचे होते. एका मिनिटाचं काम. इथं माझ्या लॅबमध्ये रोज सकाळी पहिलं तेच करायला लावते मी. मुलं हसतात मला, मॅडमना पाण्याचा संशय आहे म्हणतात.

सर: ते नळाचंच होतं.

नाझिया: तुम्हाला काय माहीत?

सर: मीच भरायला सांगितलं होतं.

नाझिया: काय?

सर: डिस्टिलेशनचा हीटर सकाळीच जळला. दुसरी बॅच आत येत होती. किसन दोन रिकामे कॅन घेऊन दारात उभा, आणि मी फोनवर बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या जेवणाचं बघत होतो. पनीर सांगायचं की नाही, यावर वाद चालला होता माझा. मी किसनला म्हटलं, भर नळाचं, काय होतंय. तो म्हणाला, 'सर, नळाचं?' मी हात हलवला. जा म्हणून.

नाझिया: आणि चौकशीत हे सांगितलं नाहीत?

सर: आठवलं नाही. नाही, थांब, हे अर्धंच झालं. आठवू दिलं नाही मी. ते आठवलं असतं तर परीक्षा रद्द, माझी चौकशी, माझी नोकरी. त्यापेक्षा एका हंगामी माणसाची नोकरी जाणं सोपं होतं. पुढच्या जूनमध्ये त्याला कायम करणार होते, तेही मला माहीत होतं. परवा तुझी ती दोन प्रश्नचिन्हं बघितली आणि तो दारात उभा दिसला. दोन्ही हातांत कॅन. लाज वाटते, नाझिया. बहात्तराव्या वर्षी बायकोसमोर पान हातात घेऊन रडलो मी.

नाझिया: गणित बरोबर आहे, सर. कुठं चुकलेलं नाही.

सर: मग मला कोपरखैरण्याला सोडशील? जुन्या गावठाणात घर आहे म्हणतात त्याचं.

नाझिया: नुसतं सोडणार नाही. मीपण येणार. थांबा, गाडीची चावी घेते.

(कोपरखैरणे गावात किसन म्हात्रे यांचं घर. त्याच दिवशी संध्याकाळचे साडेसहा.)

किसन: या सर, या. पायरी उंच हाय, संबालून. पंख्याखाली बसा. ही कोन, तुमची पोर का?

सर: नाही. ही नाझिया.

किसन: हां, वलकली. चश्मा नवीन हाय. बस पोरी. पानी घ्या सर. नलाचाच हाय.

सर: किसन...

किसन: घ्या हो. तेवरा बोलाचा हक हाय ना मना? म्हातारा झालो आता.

सर: तुला आठवतंय सगळं.

किसन: आठवाला मी इसरलोच कवा? तुमी फोनवर व्हते. म्हनला, भर नलाचा. मी ईचारला पन, सर, नलाचा? माजा बापूस मिठागरावर व्हता. पानी जिभंवर ठेवून सांगाचा, आज मीठ धरल का नाय. पान्यात काय असते ता मना नाय कलनार? पन तुमी हात केला, मी भरला.

सर: मी कबूल करायला आलोय. त्या मुलीनं गणित करून शोधलं होतं. तू काही सांगितलं नव्हतंस. आणि पाणी मीच भरायला लावलं होतं.

किसन: ता तुमाला आज कलला?

सर: परवा.

किसन: बरा. मेलो नाय तवर कलला.

सर: पण तू का नाही बोललास? चौकशीत तुला विचारलं होतं. एकच वाक्य बोलायचं होतं. पाणी सरांनी भरायला सांगितलं.

किसन: दोन गोष्टी व्हत्या, सर. येक, मी बोललो असतो तं परीक्षा रद्द झाली असती, समद्या पोरांची. ती पोरा काय मना परकी व्हती? बुनसेन बर्नर पेटवाला मी शिकवला तेन्ना. आनि दुसरी...

सर: बोल.

किसन: तुमी बोलला असता, किसन, मी असा बोललोच नाय. ता मना आयकाचा नव्हता. अकरा साल येका टेबलावर डबा खाल्ला आपुन. नोकरी गेली तं जाऊ दे म्हटला, पन सर तोंडावर खोटा बोलले असा बगाचा नव्हता.

सर: मी बोललोच असतो तसं. खरं सांगतो. बोललोच असतो.

किसन: म्हायती हाय.

नाझिया: मामा, मी... मी तो कागद लिहिला होता. तुम्ही मला सॉल्ट सांगितलं म्हणून. सही माझी होती.

किसन: दाखवला व्हता मना. अक्षर लय ब्येस व्हता.

नाझिया: माफ करा, मामा. खूप उशीर झालाय, तरी.

किसन: खोटा कशाला बोलू पोरी, राग व्हता तुजा. धा-बारा साल व्हता. महाप्याला गेटवर व्हतो तवा तू स्कूटर फिरवून गेलीस, ता पन बगला मी. मंग येक दिवस वाटला, आपुन मोठी मानसा गप बसलो आनि ह्या लेकराला बोलाला लावतो का? तवापासून गेला राग. रडू नको. डोलं पूस. ता बिस्किटा घे.

सर: किसन, मी संस्थेला पत्र लिहिलंय. हे बघ. सगळं कबूल केलंय, खाली माझी सही आहे. उद्या सकाळी नेऊन देतो. तुझ्यावरचा डाग...

किसन: संस्थेत आता मना वलकनारा कोन हाय? ऑफिसात हौसेराव व्हते, ते पन वारले. तुमचा पत्र फाइलीन जाल आनि फाइल कोनाच्या तरी माल्यावर जाल.

सर: मग मी काय करू, ते तू सांग. तू म्हणशील ते करतो.

किसन: तुमी सांगा. ही येक पोर बरोबर व्हती. बाकीच्या चौगींचा काय झाला, ता बगला कदी?

सर: चौघींचं? त्यांनी क्लोराईड लिहिलं. उत्तर चुकलं, मार्क कापले.

किसन: तेंच्यातली येक संध्या.

सर: संध्या कोण?

किसन: माजी पोर.

नाझिया: संध्या म्हात्रे? तिसऱ्या बाकावर बसायची ती? मामा, ती तुमची मुलगी?

किसन: मीच सांगतला व्हता, कोनाला बोलू नको. लॅबच्या मामाची पोर हाय कलला तं लोक म्हनतील, बापूस सॉल्ट सांगतो घरी. वर्गान म्हात्रे पाच-सा व्हते, कोन ईचारतेय.

सर: थांब. त्या बॅचची मार्कांची यादी फाइलमध्ये आहे. एक मिनिट... म्हात्रे... म्हात्रे संध्या किसन. सॉल्ट ॲनालिसिस, आठपैकी दोन. किसन, तुझं नाव इथंच होतं. मीच लिहिलेलं. माझ्या अक्षरात.

किसन: मी सांगनारा असतो, सर, तं पयला कोनाला सांगतला असता?

नाझिया: या अल्लाह.

सर: एवढं साधं मला सुचू नये? यादी हातात होती. चौकशीच्या दिवशी टेबलावर होती.

किसन: तुमी गुन्हेगार धरला व्हता, मंग कोन यादी वाचते. पन माजा पन ऐका आता. मी पन साधू नाय. मी तिच्या बाकाच्या मागं ट्यूबा धुवत व्हतो. तिनी दोन थेंब टाकले. पांढरा झाला. मना म्हायती व्हता, ता सॉल्टचा नाय, मी भरलेल्या पान्याचा हाय. तिनी मान वर केली आनि माज्याकडं बगला. ईचारला नाय काय. नुसता बगला, घरी गनित सोडवून झाला का बगाची ना, तसा.

नाझिया: आणि तुम्ही?

किसन: मी मान फिरवली. नुसता डोला हलवला असता तरी तिला कलला असता. पन ता सांगनाच झाला असता ना? म्हटला, आपुन अकरा सालात कोनाला सांगतला नाय, पोरीला पन नाय सांगाचा. आनि तेच सांजेला तुमी मना बोलावला, किसन, तू सॉल्ट सांगतोस म्हनून.

सर: मला ऐकवत नाही रे.

किसन: ऐका. मी रोज ऐकतो. तिला औषधाचा डिप्लोमा कराचा व्हता, फार्मसीचा. बारावीच्या मार्कावर घेत. थोडक्यासाठी हुकला. पुढच्या सालाला परत बसवनार, तं मी घरी बसलेला. मंग लगीन लावून दिला. नवरा बरा हाय, तसा काय नाय. आता वाशीला मेडिकलच्या दुकानान काउंटरला उभी असते. समदी औषधा तोंडपाठ, पन भिंतीवर सर्टिफिकेट दुसऱ्याचा.

नाझिया: तिला पाण्याचं माहीतच नाही?

किसन: काय सांगू? पानी मी भरला, तू चुकतीस ता बगत व्हतो आनि गप बसलो? अठरा साल तोंडाशी येते आनि परत गिलतो मी. ती हसून सांगते लोकांना, सोप्पा व्हता ता पन मना आला नाय, आमचा डोका नाय सायन्सचा. मी तिथंच बसलेला असतो, सर. चाय पीत.

नाझिया: मामा, आम्ही सांगू तिला. मी सांगते.

किसन: नुसता सांगून नाय भागनार. तिची पोर गीतांजली, दहावीला ब्यान्नव टक्के पडले. सायन्सला जातो म्हनते. संध्या म्हनते नको, आपल्या घरान ता जमत नाय, कॉमर्स घे. शनवारी फॉर्म भराचा हाय. घरान रोज कटकट. पोर माज्याकडं येऊन रडते, आबा तुमी सांगा ना आईला. मी काय तोंडानी सांगू?

सर: मी बोलतो संध्याशी. हात जोडून बोलतो.

किसन: तुमी बोललात तं तिला वाटल म्हाताऱ्या सरांना दया आली. मी बोललो तं बापूस हाय, बरा वाटाला बोलतो. आकडं लिवा, सर. गनित ती बरोबर सोडवते आजून. गीतूचा मॅथ्स तीच घेते. कागदावर आकडं असले तं कोनी उगा बोलतेय असा तिला वाटनार नाय.

सर: याच पानावर लिहू का? नाझियाच्या गणिताखाली जागा आहे.

नाझिया: लिहा सर. पेन घ्या. चष्मा कुठाय तुमचा? खिशात बघा.

सर: काय काय लिहू, ते तूही सांग.

नाझिया: पाण्यातलं क्लोराईड लिटरला वीस मिलिग्रॅम धरा. म्हणजे पाच पॉइंट सहा गुणिले दहाचा वजा चौथा घात. दोन थेंबांतलं सिल्व्हर, पाच गुणिले दहाचा वजा तिसरा घात. दोन्हींचा गुणाकार करा.

सर: दोन पॉइंट आठ गुणिले दहाचा वजा सहावा घात. आणि साका यायला लागतो एक पॉइंट आठ गुणिले दहाचा वजा दहावा घात. म्हणजे पंधरा हजार पट. नुसत्या नळाच्या पाण्यातच पंधरा हजार पट जास्त.

किसन: म्हंजे पांढरा व्हनारच व्हता?

सर: होणारच होतं, किसन. कोणीही थेंब टाकले असते तरी.

किसन: तिनी बगला ता खराच व्हता.

सर: खरंच होतं. लिहितो तसं. 'संध्याने जे पाहिले ते बरोबर पाहिले. पाणी नळाचे होते. ते भरायला मी सांगितले.'

किसन: मी म्हंजे कोन ता लिवा. नायतर तिला वाटल, बापूसच तो.

सर: नाव लिहिलं. पूर्ण. श्यामसुंदर दत्तात्रय पाटणकर. तारीख टाकली.

किसन: आनि मार्क लिवा.

सर: आता मार्क लिहून काय होणार? बोर्डात ते कोणी धरणार नाही.

किसन: बोर्डाला कोन दाखवतेय. संध्याला दाखवाचा हाय. लिवा तुमी.

सर: मग आठपैकी आठ लिहितो.

किसन: नाय, नाय. आठ कशाला? उत्तर तं चुकलाच व्हता ना तिचा? ही पोर त्याच पान्यात बरोबर आली. फुकटचा मार्क मी तवा दिला नाय, आता पन नको. जेवरे निंगतान तेवरेच द्या.

सर: बरं. दोन मी दिले ते झिंक ओळखल्याचे. निरीक्षणाचे तीन असतात. उत्तर चुकलं की निरीक्षणाचेही कापून टाकायची सवय होती मला.

किसन: मंग?

सर: ते तीन तिचे आहेत. यादीतले दोन खोडले. पाच केले. शेजारी सही केली.

किसन: दाखवा इकडं... हां. बरा दिसते. आठला येल ती दुकानातून, तवर थांबा, मी चाय ठेवतो.

सर: किसन, पाच चालतील ना? नक्की?

किसन: चालतील, सर. तिला तीनच कमी पडले व्हते.